चुन्यात शिजलेला मका



आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला मळा दाखवतो, भाकरी-पिठले वाढतो. या रोजच्या जेवणाचे कुणी पैसे देईल, हे आपल्या मनातही येत नाही. पण मेक्सिको देशात समुद्रकाठी पुएर्तो वायार्ता नावाचे गाव आहे. तिथे रोजचे साधे खाणे दाखवायला आणि चाखवायला वाटाड्या मिळतो, आणि परदेशी पाहुणे त्यासाठी आनंदाने पैसे मोजतात. आज तुम्हांला त्याच फेरीला नेतो.

हे गाव हालिस्को प्रांतात, पॅसिफिक महासागराच्या काठी आहे. १९६३ साली तिथे एका अमेरिकी चित्रपटाचे चित्रण झाले आणि लहानशा गावाचे नाव जगभर झाले. आज तिथे मोठमोठी हॉटेले आहेत. पण ही फेरी तिकडे वळत नाही. वाटाड्या थोडी माणसे बरोबर घेतो आणि दोन-तीन तास गल्लीबोळांतून पायी हिंडवतो. एका गाडीवर मसाल्यात शिजवलेले बकऱ्याचे मटण मिळते, त्याला बिरिया म्हणतात. दुसरीकडे लिंबाच्या रसात मुरवलेली मासळी. किनाऱ्यावर काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा.

कोकणातल्या वाचकांना पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. तिथे तुबा नावाचे पेय विकतात. तुबा म्हणजे माडाचा ताजा गोड रस, आपली नीराच. वर सफरचंदाचे तुकडे आणि दाणे घालून देतात. १५६५ ते १८१५ या काळात फिलिपाइन्समधून मेक्सिकोला जहाजे जात. त्या जहाजांबरोबर नारळ आणि रस काढण्याची कला, दोन्ही या किनाऱ्याला लागली.

पण या खाण्याचा कणा आहे मका. मटण असो की मासळी, ती गुंडाळायला मक्याची पातळ पोळी लागते. तिला तोर्तिया म्हणतात. मक्याची शेती जगात प्रथम मेक्सिकोतच झाली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. तिथे मका कोरडा दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात, धुतात आणि मग ओला वाटतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यात अडकून पडलेले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपच्या लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पुढे पेलाग्रा रोगाने गाठले. कातडी फुटायची, हगवण लागायची, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. बियाणे नेले आणि बायाबापड्यांचे ज्ञान मागे ठेवले, त्याची ही किंमत.

आता या चित्राची दुसरी बाजूही पाहा. १९९४ साली अमेरिकेशी खुल्या व्यापाराचा करार लागू झाला. तिकडचा स्वस्त मका येऊ लागला आणि मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्याच्या मक्याला भाव मिळेना. कितीतरी जणांनी शेती सोडली. २००७ च्या जानेवारीत तोर्तियाचे भाव कडाडले, तेव्हा राजधानीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या परंपरागत स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. २०२५ च्या मार्चमध्ये जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीला राज्यघटनेतच बंदी घातली गेली. मान मिळाला, कायदा झाला. पण गावठी मका पेरणाऱ्याच्या पदरात चार पैसे पडले नाहीत, तर उद्या वाटाड्या पाहुण्यांना दाखवणार काय?

हाच प्रश्न आपल्याही बांधावर उभा आहे. हुरड्याच्या दिवसांत शहरातली मंडळी शेतावर येतात. त्यांच्या पुढ्यात नुसता हुरडा ठेवू नका. ज्वारी गूळभेंडी की सुरती, बियाणे कुणाच्या घरचे, चटणी कुणी वाटली, हे सांगा. त्या मेक्सिकन वाटाड्याची कमाई पायांवर नाही, सांगण्यावर आहे. आणि पैसे हाती आले की ज्या माउलीने चटणी वाटली तिचा वाटा आधी काढा.

मायबहिणींनो, ही रीत घरी करून पाहा. एक किलो कोरडा मका, तीन लिटर पाणी आणि पानाला लावतात तो खाण्याचा चुना, तोही फक्त दहा ग्रॅम. स्टीलच्या भांड्यात अर्धा-पाऊण तास शिजवा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका, चुन्याने ते खराब होते. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, साले जाऊ द्या आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटा. मक्याची भाकरी थापताना चिरते, ही तुमची नेहमीची तक्रार. हे पीठ सहज चिरणार नाही. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि बियाण्याच्या पिशवीतला मका चुकूनही घेऊ नका, त्याला औषध चोळलेले असते.

जमले तर शेजारणीलाही शिकवा. ज्ञान असेच टिकते.