बटण कुठंय, बॉस?

घर बघायला गेलं की आपण काय विचारतो? कार्पेट किती, पार्किंग आहे का, पाणी किती तास. बटणं कुठे आहेत, हे कुणीही विचारत नाही. राहायला गेल्यावर कळतं की गिझरचा स्विच दारामागे आहे आणि मेन स्विचच्या बरोब्बर पुढ्यात कपाट बसलंय. दोन दिवस वैतागतो, मग सवय होते. पण घरच चाकांवर असेल आणि त्याची अख्खी भिंत बटणावर सरकत असेल, तर अशी सवय होऊ देणं धोक्याचं.

गाडीमागे जोडून ओढत न्यायच्या घराला अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. रस्त्यावर चालवायचा म्हणजे रुंदी साधारण साडेआठ फुटांच्या आत. त्यात ओटा, सोफा, जेवायचं टेबल. माणसानं वळायचं कुठे? उत्तर आहे स्लाइड-आउट! मुक्कामी पोचलं की भिंतीचा एक तुकडा, वर ठेवलेल्या सोफ्यासकट, ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. निघताना परत आत. न्यूमार कंपनीनं १९९० मध्ये मोटारहोमला स्लाइड-आउट दिलं आणि पुढे ही सोय सगळीकडे पसरली. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे या धंद्याचं माहेरघर.

माझा मावसभाऊ त्याच इंडियानात राहतो. दादा-वहिनीनं सेकंडहँड ट्रेलर घेतला आणि मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा आम्ही तो घेऊन मिशिगन सरोवराकाठी इंडियाना ड्यून्सला गेलो. २०१९ मध्ये नॅशनल पार्कचा दर्जा मिळालेली ही जागा, वाळूच्या टेकड्या एकदम सॉलिड. तिथल्या ड्यूनवुड कॅम्पग्राउंडवर ट्रेलरला जोडायला वीज मिळत नाही. म्हणजे भिंत सरकवायची ती ट्रेलरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर.

आता गंमत बघा. स्लाइड-आउट आत घेतलेलं असताना सोफा पार ओट्याला टेकतो. मधली वाट बंद. आणि बटण? वाटेच्या पलीकडच्या कपाटात! घर उघडायचं बटण उघडलेल्या घरात. डिझाइन करणाऱ्यानं हा ट्रेलर बंद असताना एकदा तरी आत शिरून बघितला असेल, असं वाटत नाही. दादा सोफ्यावर चढून, कपाटात हात घालून बटण दाबायचा. वहिनी पाच फूट, तिचा हात पोचायचा नाही, म्हणून तिनं झाडूची दांडी ठेवली होती. सगळे हसायचे. मीसुद्धा हसले.

निघायच्या दिवशी दादा बाहेर खुर्च्या गाडीत भरत होता आणि भिंत आत घ्यायला वहिनी गेली. आत घेताना वाट मोकळी असते, पण बटण दाबून धरायचं तर डोकं कपाटात. त्यांची चार वर्षांची लेक बाहुली शोधत आत आली आणि ओट्याशी उभं राहून सरकत्या सोफ्याकडे हात नेला. मी दारात होते. ओरडले. वहिनीनं बोट उचललं, भिंत जागच्या जागी थांबली. मधे वीतभर जागा उरली होती. हे बटण दाबलेलं असेपर्यंतच चालतं, सोडलं की थांबतं, हे आमचं नशीब. बाहुली सोफ्याखाली होती. परतीच्या रस्त्यात कुणी गाणी लावली नाहीत.

घरी पोचल्यावर बटण हलवायचं ठरलं. कुठे, यावर मात्र दोघांची जुंपली. दादा आयटीवाला, त्याला रिमोट हवा. बाहेर खुर्चीत बसून क्लिक केलं की भिंत बाहेर, कसला फंडा! वहिनी म्हणाली, "बाहेर बसून तुला आतली पोरगी दिसणारे का? माझं बोट बटणावर असेल तेव्हा पोरगी माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे." माझं मत? वहिनी शंभर टक्के बरोबर. हात कुठे पोचतो हा अर्धाच प्रश्न. नजर कुठे पोचते हा उरलेला अर्धा, आणि तोच जास्त महत्त्वाचा. त्यांच्या ट्रेलरचं दार उजवीकडे, स्लाइड-आउट डावीकडे. दारात उभं राहिलं की सोफा, ओटा, मधली फरशी सगळं एका नजरेत. बटण दाराशी आलं.

काम दिसतं तेवढं सोपं नाही हं. त्यांची यंत्रणा साधी: एक मोटर, आणि बटण तिच्या दोन वायरींची अदलाबदल करतं. प्लसचं मायनस झालं की मोटर उलटी फिरते, भिंत आतबाहेर होते. पण मोटरचा सगळा करंट त्या बटणातूनच जातो. दुकानातली बारीक वायर आणून लांबवली तर व्होल्टेज पडतं, मोटर कण्हते, वायर तापते. म्हणून एक तर मूळच्याइतकी किंवा तिच्याहून जाड वायर ओढायची, नाहीतर मोटरजवळ रिले बसवायचे आणि दारापर्यंत फक्त बारीक सिग्नलची वायर न्यायची. दादाच्या मेकॅनिकनं दुसरा मार्ग घेतला. आधी बाहेरची वीज तोडली, मग बॅटरीही सोडवली. नुसतं एक करून भागत नाही, कारण मोटरला वीज दोन्हीकडून मिळते. वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो. भिंतीत भोक पाडण्याआधी आत कुठली वायर जाते याची खात्री. काही ट्रेलरमध्ये दोन मोटरी असतात आणि एक कंट्रोलर त्यांचा ताळमेळ ठेवतो. तिथे घरगुती जोडाजोडीच्या वाटेला जाऊच नये.

या निमित्तानं आणखी एक शोध लागला. बॅटरी मेलीच तर भिंत हातानं फिरवून आत घ्यायची सोय असते. त्याचं हँडल कुठे होतं? सोफ्याखालच्या खणात! म्हणजे भिंत अडकली की हँडलही अडकणार. धन्य!

आपल्याकडे महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तुमच्या ग्रुपमधलंही कुणीतरी कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्यायचे प्लॅन करत असेलच. एसी, टीव्ही, बार्बेक्यू सगळं विचाराल. जे जे सरकतं, उचलतं, दुमडतं, त्याचं बटण कुठे आहे तेही विचारा. सगळं बंद असताना आत शिरून तिथवर हात पोचतो का बघा. आणि बोट बटणावर ठेवून समोर काय दिसतं, तेही.

दादाकडे आता नवं बटण दाराशी आहे, पोरीचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. जुनं भोक पांढऱ्या पट्टीनं झाकलंय. हँडल गाडीच्या डिकीत गेलं. भिंत सरकवायची वेळ आली की दादा पलीकडच्या बाजूला बाहेर उभा राहतो, झाड किंवा खांब आड येत नाही ना बघायला. वहिनी दारात, पोरगी तिच्या शेजारी. तिकडून दादाचं "हं" आल्याशिवाय वहिनी बटणाला हात लावत नाही.