बदली येईपर्यंत

भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जावे, असा आपला रिवाज आहे. माझ्या धाकट्या बहिणीने मात्र तो सहा वर्षे मोठ्या शिताफीने चुकवला. दिवाळीच्या आठ दिवस आधी तिचा फोन ठरलेला, "दादा, यंदा येऊ नकोस. ड्यूटी आहे."

ती नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मी सारा जन्म बँकेत आकडेमोड करण्यात घालवला. त्यामुळे मला नेहमी वाटे, ड्यूटी आठ तासांची. मग उरलेले सोळा तास ही बाई करते काय? गेल्या दिवाळीत मी तिला न विचारताच निघालो. पिशवीत एक जरीकाठी साडी आणि आमच्या सौभाग्यवतींनी दिलेला चकल्यांचा डबा.

सुरत-भुसावळ लाइनीवर नंदुरबारला उतरलो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. मिरचीची एवढी मोठी बाजारपेठ, की स्टेशनाबाहेर पडताच मला शिंक आली. पुढे एस.टी.ने तळोदा आणि मग चांदसैलीचा घाट. त्या घाटात जी वळणे आहेत, त्यांचे वर्णन मी करणार नाही. बहुतेक वेळ माझे डोळे मिटलेले होते.

सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो. बहीण वॉर्डात होती. मला पाहून ती आधी चकित झाली, मग रागावली आणि शेवटी हसली. "आलाच आहेस तर बस. दोनला सुटते. अडीच वाजता ओवाळते, मग जेवू." मी व्हरांड्यातल्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसलो.

तिच्याकडे पाळ्या अशा : सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. कागदावर हे गणित अगदी चोख बसते. पण दोन वाजले, अडीच वाजले, तरी दुपारच्या पाळीची बाई आली नाही. तिचे लहान मूल शहाद्याला तापाने फणफणले होते. ती तरी काय करणार? जादा माणूस म्हणून कोणी नव्हतेच. मंजूर जागांपैकी काही रिकाम्या होत्या.

"मग तू नीघ ना!" मी म्हटले. "तुझी वेळ संपली."

बहिणीने माझ्याकडे असे पाहिले, जसे आम्ही कॅशियर लोक फाटक्या नोटेकडे पाहतो. "दादा, तुझ्या बँकेत पाच वाजले की खिडकी बंद होते. इथे खिडकी नाही. माझी वेळ घड्याळ संपवत नाही, बदली आलेली बाई संपवते. तिच्या हाती चार्ज दिल्याशिवाय मी उंबरा ओलांडू शकत नाही."

आणि चार्ज म्हणजे नुसत्या कपाटाच्या किल्ल्या नव्हेत. कोणत्या खाटेची सलाइन किती वाजता संपेल, कोणाला कोणते इंजेक्शन दिले आणि पुढचे केव्हा, कोणाचे ब्लडप्रेशर चढते आहे, कोणाची लघवी सकाळपासून झालेली नाही, हे सारे एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात घालायचे. त्यातले एक वाक्य जरी वाटेत सांडले, तरी एखाद्याच्या जिवावर बेतते.

रात्री आठला रात्रपाळीची बाई आली. मी पिशवी उचलली. तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. एका पाड्यावरून चार माणसांनी बांबूच्या झोळीत घालून एक बाळंतीण आणली होती. गाडीरस्ता लागेपर्यंत ती अशीच डोंगर उतरत आली होती. तिच्या मागोमाग दुसरी. आणि आत सिकलसेलचे एक पोर वेदनेने कळवळत होते. हा रक्ताचा आजार या भागातल्या आदिवासी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. थंडी पडली, अंगात पाणी कमी झाले, की हाडे फोडून काढणारे दुखणे उठते. तीस खाटा आणि बाई एक. माझ्या बहिणीने खांद्याची पर्स पुन्हा खुंटीला लावली. कोणी तिला थांब म्हटले नव्हते.

साडेदहाला पहिले मूल रडले. मला वाटले, सुटलो. पण खरे काम पुढेच असते, हे मला त्या रात्री कळले. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास धोक्याचे. दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की नाही ते पाहायचे, कपडा पाहायचा, नाडी पाहायची. त्या झोळीतल्या बाईला रक्त जाऊ लागले. डॉक्टर, इंजेक्शन, धावपळ. बहीण तिच्याशी पावरी बोलीत बोलत होती. शब्द मला कळले नाहीत. सूर मात्र आमच्या आईचा होता.

बाकावर बसल्या बसल्या मला शाळेतला नाइटिंगेलबाईंचा धडा आठवला. १८५४ साली ३८ परिचारिका घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी स्कूटारीच्या रुग्णालयात गेल्या. आपण त्यांचा दिवा तेवढा लक्षात ठेवला. पण त्या पक्क्या हिशेबी होत्या. शिपाई जखमांनी मरतात त्याहून कितीतरी अधिक रोगराईने मरतात, हे त्यांनी आकडे मांडून सरकारच्या गळी उतरवले. आकड्यांच्या माणसाने दिव्याला हात जोडून गप्प बसावे, हे बरे नव्हे.

म्हणून मी हिशेब केला. सकाळी आठ ते रात्री दोन : अठरा तास. १९७७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने परिचारिकांसाठी शिफारस केली, की दोन पाळ्यांमध्ये निदान बारा तास सलग विश्रांती असावी. बहीण सकाळी आठला पुन्हा हजर व्हायची होती. तिच्या वाट्याला सहाच आले. आणि डोंगरातल्या उपकेंद्रावरच्या नर्सबाईंना तर पाळीच नाही. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी मापदंड आहे. दार वाजले की उठायचे. याच जिल्ह्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली, करोनाच्या काळात, नर्मदेतून सुमारे अठरा किलोमीटर होडी वल्हवीत पाड्यांवरच्या बाळांची वजने करायला जात. त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण एका बाईने इतके वल्हवावे लागते, त्याचा हिशेब कोणी मागितला?

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी पुण्यात पत्नीचे ऑपरेशन झाले. रात्री मी घंटा वाजवली. सिस्टर वीस मिनिटांनी आली आणि तुटक बोलली. मी दुसऱ्याच दिवशी सुवाच्य अक्षरात पानभर तक्रारअर्ज दिला. चार मित्रांना तो अभिमानाने वाचूनही दाखवला होता. त्या रात्री घरी चालताना हे मी बहिणीला सांगून टाकले.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती खाटा होत्या तिच्याकडे?"

"ते मला काय माहीत?"

"ते अर्जात लिहायला हवे होते, दादा."

सव्वादोनला तिने निरांजन लावले. मी म्हटले, "अगं, तारीख उलटली." ती म्हणाली, "तारीख इंग्रजांची. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो. अजून भाऊबीजच आहे." ओवाळून झाल्यावर मी साडी दिली. तिने काठावरून हात फिरवला, छान आहे म्हणाली आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला. पायांतल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या. मी काढल्या. पट्ट्यांचे वळ सुजलेल्या पायांवर उठले होते.

पुण्याला परतल्यावर मी त्या रुग्णालयात गेलो. त्या सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या. अर्ज मात्र फाइलीत आहे, असे कारकुनाने सांगितले. मी दुसरा अर्ज लिहून त्याच फाइलीला लावायला दिला. त्यात एकच मागणी केली : त्या वॉर्डात रात्री किती खाटांमागे किती परिचारिका असतात, ते बाहेरच्या फळ्यावर लिहावे. उत्तर अजून आलेले नाही.

मी बहिणीला म्हटले होते, "आता मी सर्वांना सांगणार आहे, सिस्टरला जेवलात का म्हणून विचारत जा." ती म्हणाली, "जरूर विचारा. पण विचारून पोट भरत नाही. बदली पाठवा म्हणावं."

यंदाही दिवाळीआधी तिचा फोन आला. "दादा, ये. पण साडी नको. मऊ तळव्याच्या चपला आण. माप सहाचं, पण सातच्या आण. संध्याकाळपर्यंत पाय एक नंबर वाढतात."