दुसऱ्या वेळचे पहिले तीन महिने



घरात पहिल्यांदा गोड बातमी आली की आपण सगळ्याजणी कशा होतो ते सांगायला नको. जिना चढू नकोस, बादली उचलू नकोस, सुनेला काय खावंसं वाटतं ते विचारायला दिवसातून चार फोन. दुसऱ्या वेळी मात्र एकच वाक्य असतं, "आता काय, तिला सवय आहे." मला या वाक्याचा राग येतो, म्हणून आज लिहायला बसले.

सवय कशाची? उलट्यांची सवय होते का कुणाला? पहिल्या वेळी माझी सून दुपारी दोन तास पाय वर करून पडत होती. या वेळी तिच्या अंगावर साडेतीन वर्षांची मुलगी उड्या मारत होती. बँकेतली नोकरी, सकाळी दोन डबे, प्लेग्रुपची व्हॅन साडेआठला, आणि त्यात फोडणीचा वास आला की बाथरूमकडे पळायचं. शरीराला थकवा तोच, विसावा मात्र निम्मासुद्धा नाही. मी बी.कॉम. झालेली बाई आहे, मला हा ताळेबंद जुळताना दिसत नाही.

मुलगा-सून पुण्याला असतात, आम्ही सांगलीत. दोघांनी दुसऱ्या बाळाचा विचार घाईने केला नव्हता. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ते अंतर त्यांनी पाळलंच, वर थोडं जास्त. आधी रक्त तपासून घेतलं, तर सुनेचं बी-१२ बरंच कमी निघालं. आपल्यात हे घरोघरी आहे. बी-१२ झाडपाल्यात नसतं, आपल्याला ते मिळणार दूध, दही, ताकातून, आणि ते आजकालच्या मुली किती घेतात? चहातलं तेवढं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फोलिक अॅसिडही तेव्हाच सुरू केलं.

हे "तेव्हाच" महत्त्वाचं आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मणका तयार होतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवर ते काम संपलेलं असतं. आपण डॉक्टरकडे जातो त्यानंतर. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची ती लहानशी गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते. लोहाची गोळी सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून देतात, १८० दिवस. आणखी एक, कॅप्सूलचं वरचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. म्हणून औषधच बंद करणाऱ्या दोघीजणी मला माहीत आहेत. तसं करू नका. डॉक्टरांना सांगा, त्याच औषधाची साधी गोळी किंवा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल बहुतेक वेळा मिळते.

सूनबाईचा सातवा आठवडा सुरू झाला आणि भाद्रपद आला. दशलक्षण पर्व.

आता इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. सुनेने लग्न झाल्यापासून दरवर्षी पर्वात एकाशन केलं आहे, एका वर्षी तर पाच उपवासही. या वर्षी तिने काही धरलं नाही. बातमी अजून कुणाला सांगितलेली नव्हती, त्यामुळे आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी फोनवर विचारलंच, "यंदा सूनबाईचं काही दिसत नाही?" मी म्हटलं, "यंदा तिची तब्येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "आम्ही तर नववा महिना असताना एकाशन केलं, काही झालं नाही."

त्यांना काही झालं नाही, चांगलंच झालं. पण तोच न्याय सगळ्यांना कसा लावायचा? सोळाकारण भावना आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. त्यात त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी "शक्तितः" हा शब्द आहे. आपल्या शक्तीप्रमाणे. हा शब्द तिथे उगीच ठेवलेला नाही. जिच्या पोटात सकाळचं अर्धं भाकरीचं पानसुद्धा टिकत नाही, तिची शक्ती किती हे ती जाणते आणि तिचे डॉक्टर जाणतात. लांबून फोन करणाऱ्याला ते कळत नाही.

पंचकल्याणक पूजा आठवून बघा. पहिलं कल्याणक कोणतं? गर्भकल्याणक. भगवंताच्या माता-पित्याचा मान घ्यायला सवाल किती वर जातो ते आपण पाहिलं आहे. मातेला सोळा स्वप्नं पडतात, देवी येऊन तिची सेवा करतात, छप्पन्न कुमारिका नटूनथटून नाचतात. कुणी तिला वारा घालतं, कुणी तिचं मन रमवतं. मी इतक्या पूजा पाहिल्या, पण एकाही कुमारिकेने मातेला "तुमचं यंदा काही दिसत नाही" असं विचारलेलं पाहिलं नाही. मंडपात आपण जिची सेवा करतो तीच बाई घरी आली की स्वयंपाकघरात नाकाला पदर लावून फोडणी घालते, आणि आपण म्हणतो तिला सवय आहे.

रात्री न जेवण्याचाही प्रश्न आला. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पुण्यातही जमेल तसं ती दोघं पाळतात. पण संध्याकाळी सहाला जेवलेली बाई सकाळी सातला उठते तेव्हा तेरा तास पोट रिकामं असतं, आणि रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. सुनेने नियम म्हणून घेतलेला नव्हता, ती घरातली रीत होती. तेव्हा झोपताना कपभर दूध आणि उशाशी ज्वारीच्या लाह्या, असं ठरलं. उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावण्याआधी चार लाह्या तोंडात टाकायच्या. याने पुष्कळ फरक पडला. आलं आपण खात नाही, पण सुंठ चालते. सुंठ घातलेलं कोमट पाणी चमचा-चमचा घेतलं की दुपार निभत असे. चातुर्मासात पालेभाजी नाही, मग फोलेट कुठून असा प्रश्न विचारतात. मूग, चवळी, हरभरा, शेंगदाणे आहेत ना. मुगाचं सैलसर वरण आणि मऊ भात, लसणाशिवाय, हिंगाशिवाय, नुसत्या तुपा-मिठाचा, एवढंच तिला महिनाभर गेलं. साडेतीन वर्षांच्या नातीलाही तेच आवडू लागलं, त्यामुळे एक पातेलं वाचलं.

आता मुलाबद्दल. पहिल्या वेळी तो प्रत्येक सोनोग्राफीला बरोबर होता, फोटो काढून आम्हाला पाठवायचा. या वेळी कुणीतरी मोठीला सांभाळायलाच हवं, म्हणून सून रिक्षाने एकटी जायची आणि तो घरी खिचडी भरवत बसायचा. बायकोला एकटं पाठवल्याचं त्याला टोचत होतं. मी गेले तेव्हा एकदा ओट्यापाशी भांडी विसळताना म्हणाला, "आई, मागच्या वेळी मला नुसता आनंद होता. या वेळी सारखी भीती वाटते. काय काय होऊ शकतं ते आता माहीत आहे ना." पुरुषांना असं कुणी विचारत नाही. आमच्या ह्यांना विचारलं असतं तर त्यांनी पेपर वर धरला असता.

आणि त्याची भीती खरी ठरायची वेळ आली. नवव्या आठवड्यात एका रात्री अकराच्या सुमारास सुनेला रक्त दिसलं. मी तेव्हा तिथेच होते. तो तिला घेऊन दवाखान्यात गेला, मी नातीजवळ झोपले, म्हणजे जागी राहिले, णमोकार म्हणत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रक्तगटाचा. सुनेचा ओ निगेटिव्ह आहे.

हे जरा नीट वाचा, कारण ही गोष्ट दुसऱ्या वेळचीच आहे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, धोका दुसऱ्याला. तो टाळण्यासाठी पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन देतात. सुनेला ते दिलेलं होतं आणि त्याचा कागद मुलाने फाइलमध्ये जपून ठेवलेला होता. रात्री साडेअकराला तो कागद डॉक्टरांच्या हातात होता. तुमच्या सुनेचा, लेकीचा रक्तगट तुम्हाला माहीत आहे का? पहिल्या वेळची फाइल घरात सापडेल का? आज शोधून ठेवा.

सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले. पहाटे दोनला ती दोघं घरी आली. रक्त दोन दिवसांत थांबलं.

त्या दोन दिवसांत सगळ्यांत अवघड काय होतं सांगू? कुणाला सांगता येत नव्हतं. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते, ही आपली रीत. सुनेच्या माहेरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. तिच्या आईचा रोजचा फोन आला की ती "सगळं ठीक" म्हणायची आणि फोन ठेवून रडायची. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "तुझ्या आईला फोन लाव, मी बोलते." विहीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आल्या.

माझं मत असं आहे की गावभर सांगू नये हे ठीक, पण दोन-चार माणसांना पहिल्याच आठवड्यात सांगावं. समजलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात दहा-पंधरा तरी पुढे टिकत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक याच तीन महिन्यांत. कारण बहुधा गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं. जिना चढल्याने, मोठ्या मुलीला कडेवर घेतल्याने, कुणाच्या नजरेने ते होत नाही. पण कुणाला माहीतच नसेल तर त्या बाईने दुःख कुणापाशी करायचं? ती तिसऱ्या दिवशी कामावर जाते आणि अंगात ताप आहे म्हणून सांगते. कायद्याने मात्र अशा वेळी नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. किती जणींना ती माहीत आहे?

आता शेवटचं, आणि हे लिहिताना माझा हात जड होतो आहे. चौथ्या महिन्यात बातमी सांगितल्यावर जे फोन आले त्यातल्या निम्म्यांत एक वाक्य होतं, "आता एक मुलगा झाला की सुटलात." एकीने तर विचारलं, "बघून घेतलं का?" मी विचारलं, "काय बघून घ्यायचं?" त्या गप्प झाल्या.

१९९४च्या कायद्याने गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या. आपल्या जैन समाजात किती? ८७०. पाण्यात जीव आहेत म्हणून गाळून पिणारे आपण, मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारे आपण, आणि आपला आकडा देशाच्या खाली. या मुली कुठे गेल्या? नुसत्या गरिबी-अडाणीपणाने हे होत नाही. आपण शिकलेले, दुकानं-नोकऱ्या असलेले लोक आहोत, मशीनची फी परवडणारे. पहिली मुलगी असली की दुसऱ्या वेळीच हा प्रश्न येतो, हे तर कुणीही सांगेल. आणि तो आधी पोटातल्या बाळाला विचारला जात नाही, तो त्या बाईला विचारला जातो, तिच्या मळमळीच्या दिवसांत, "बघून घेतलं का" अशा हलक्या आवाजात, बहुतेक वेळा बायकांकडूनच.

मुलाने त्या बाईंना दुसऱ्यांदा फोन आल्यावर स्वतः उत्तर दिलं. "काकू, आम्हाला दुसरं बाळ हवं होतं, ते येतंय." एवढंच बोलून त्याने फोन माझ्याकडे दिला. मग आम्ही लोणच्याच्या मिरच्यांबद्दल बोललो.

आता पाचवा महिना चालू आहे. बाळ हलायला लागलं आहे, या वेळी दोन आठवडे आधीच जाणवलं, दुसऱ्या वेळी तसं जाणवतं म्हणतात. डोहाळजेवण पहिल्यांदाच करतात, दुसऱ्या वेळी नसतं, असंही म्हणतात. मी करणार आहे, सातव्या महिन्यात, सांगलीत, दुपारी, म्हणजे सगळ्यांना ऊन असताना जेवून घरी जाता येईल. फुलं तोडायची नाहीत म्हणून मोत्यांचे दागिने सांगितले आहेत. नात म्हणाली मलाही हवेत, तेव्हा दोन जोड.