हिशेब शिकायचा, पण कोणाकडून?

गेल्या पंधरवड्यात मिरजेहून एका भगिनीचे पत्र आले. चांगले तीन पानी, आणि अक्षर अगदी टपोरे. वय छत्तीस, मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, थोरला नववीत, धाकटी पाचवीत. यजमानांचे हार्डवेअरचे लहानसे दुकान आहे. त्या लिहितात, "ताई, दुपारचे दोन-अडीच तास माझे असतात. जमाखर्चाचा एखादा कोर्स घरबसल्या करावा आणि पुढे चार-पाच तासांचे काम धरावे असे मनात आहे. भिशीचे तीस हजार हातात आलेत. हे म्हणतात, तुझे पैसे, तू ठरव. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा मुलीच्या नावाने सोन्याचं वेढणं करून ठेव. मोबाईलवर चार संस्थांच्या जाहिराती आल्या. एकीची फी अठ्ठावीस हजार, नोकरीची शंभर टक्के हमी, आणि सूट फक्त रविवारपर्यंत. काय करू?"

तो रविवार केव्हाच उलटला असेल आणि सूट पुन्हा निघाली असेल, याची मला खात्री आहे.

पत्र वाचून मला माझीच गोष्ट आठवली. फार वर्षांपूर्वी मीही असाच एक टपालाने येणारा कोर्स केला होता. संस्थेचे नाव सांगत नाही. पुस्तकांचा गठ्ठा आला, मी रात्री जागून धडे सोडवले, गुण भरपूर मिळाले आणि सोनेरी कडांचे प्रमाणपत्रही आले. ते घेऊन मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात गेले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं, "बाई, परीक्षा कोणी घेतली?" शिकवणारे तेच, पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच आणि सही करणारेही तेच! माझे तोंड एवढेसे झाले. मग त्यांनी एका दुकानाच्या महिन्याभराच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक पुढे ठेवले. म्हणाले, "हे जुळवून दाखवा." मला येईना. कोर्समध्ये बँक जुळवणी पत्रकाचा धडा होता, पण त्यातली उदाहरणे अशी की दोन ओळींत उत्तर यावे. खऱ्या पासबुकात बँकेने कापलेले चार्जेस असतात, न वटलेला चेक असतो, एकच रक्कम दोनदा लिहिलेली असते!

तेव्हा संस्था निवडताना पहिला प्रश्न तोच विचारा. परीक्षा कोण घेते, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची?

उत्तर विद्यापीठाचे आले, तर तपासणे सोपे असते. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचेही, म्हणजे एस. एन. डी. टी. चे, दूरशिक्षण केंद्र आहे. अशी रीतसर मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीशी समान धरली जाते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र 'मान्यता आहे' एवढ्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या वर्षासाठी परवानगी आहे याची यादी असते. तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. विद्यापीठ खरे पण तो अभ्यासक्रमच यादीत नाही, असेही होते. आयोग बनावट विद्यापीठांची वेगळी यादी जाहीर करतो, तीही नजरेखालून घाला.

खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स या यादीत नसणार. म्हणून तो फसवाफसवीचाच, असे मुळीच नाही. तो पदवी नाही, एवढेच. कॉम्प्युटरवर टॅली शिकायची तर असा कोर्स पुरतोही. पण जाहिरातीत 'आय. एस. ओ. प्रमाणित', 'शासनाकडे नोंदणीकृत' असले शिक्के दिसले तर भुलू नका, बरं का. कंपनीची नोंदणी कोणालाही करता येते, आणि आय. एस. ओ. चा शिक्का कारभाराच्या पद्धतीवर असतो. शिक्षणाच्या मान्यतेशी दोहोंचाही संबंध नाही.

आता मिरजेच्या भगिनींकडे वळते, कारण त्यांच्या हाती एक नाणे आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही. त्या पदवीधर आहेत. बी. कॉम. साठी आणखी तीन वर्षे घालवण्याआधी त्यांनी जी. डी. सी. अँड ए. या परीक्षेची चौकशी करावी. लांबलचक नाव, शासकीय सहकार व लेखा पदविका. परीक्षा राज्याचे सहकार खाते घेते आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो, मराठीचा बी. ए. सुद्धा. सहा पेपर असतात. हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वे, सहकार कायदा, पतसंस्था व बँका, गृहनिर्माण संस्था असे विषय. पेपर मराठीत लिहिता येतात. सांगली-मिरजेकडे गल्लीगल्लीत पतसंस्था, दूध सोसायट्या आणि आता फ्लॅटच्या सोसायट्या झाल्या आहेत. तिथल्या मंडळींना या परीक्षेचे नाव समजावून सांगावे लागत नाही. मात्र पास झाल्या झाल्या लेखापरीक्षणाची कामे दारात येतील, असे समजू नका. त्यासाठी अनुभव लागतो आणि लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत नाव यावे लागते. पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून काम मागताना मात्र हा कागद बोलतो.

आणि गंमत पाहा, या परीक्षेसाठी कुठल्या क्लासचीच सक्ती नाही! पुस्तके आणा, जुने पेपर मिळवा, घरी अभ्यास करा. क्लास लावलाच तर तो फक्त शिकवणार, परीक्षा सरकार घेणार. माझ्या त्या सोनेरी प्रमाणपत्राच्या नेमके उलट.

ज्यांची बारावीच झाली आहे, त्यांना बी. कॉम. चा मार्ग मोकळा आहे. आणि शाळा मध्येच सुटली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी देता येते, तिथे लेखाशास्त्र हा विषयही आहे. या मार्गाला वेळ जास्त लागतो, पण पाया पक्का होतो.

टॅली शिकवणारी खासगी संस्था निवडायची असेल, तर फोनवरच्या गोड आवाजाला चार प्रश्न विचारून घ्या. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज पत्रक हाताने करून घेता का? हे आधी आले नाही तर कॉम्प्युटर नुसता चुका वेगाने करतो. जी. एस. टी. २०१७ च्या जुलैपासून आला. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराचे विक्रीचे पत्रक ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा-हिशेब २० पर्यंत जावा लागतो. ती पत्रके खऱ्या पावत्यांवरून तयार करायला लावता का? मी सोडवलेला धडा तपासणारा माणूस कोण, आणि किती दिवसांत तपासतो? मुलाची परीक्षा आली, घरात आजारपण आले, तर मुदत वाढवून मिळते का? शेवटचा प्रश्न संसारी बाईने विचारलाच पाहिजे. कितीतरी जणींचे कोर्स मार्च महिन्यात सुटतात, आणि दोष त्या स्वतःलाच देतात.

पैशाचे थोडे स्पष्ट बोलते. 'बिनव्याजी हप्ते' म्हणतात तेव्हा बहुधा फायनान्स कंपनीचे कर्ज तुमच्या नावावर चढते. कोर्स आवडला नाही, संस्थेने शिकवणे बंद केले, तरी कंपनी हप्ता मागतच राहते. सही करण्याआधी कागद वाचा, न वाचता मोबाईलवर आलेला आकडा सांगू नका. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जी. एस. टी. असतो, तो सांगितलेल्या रकमेत धरला आहे की वर द्यायचा, हे आधीच विचारा आणि पक्की पावती घ्या. हिशेब शिकवणारी संस्थाच कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेत असेल तर पुढे काय शिकवणार, सांगा बघू! मध्येच सोडल्यास फी किती परत, हेही लेखी मागा. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींना तर २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी चाप लावला आहे. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि एक पैसाही भरण्याआधी पंधरा दिवस फुकट शिकून पाहा. बालभारतीचे अकरावीचे पुस्तपालनाचे पुस्तक मराठीत आहे, मोबाईलवर मोफत उतरवता येते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वरही लेखाशास्त्राचे धडे विनामूल्य पाहता येतात. नावे कुठे, जमा कुठे, यात जीव रमतो की जांभया येतात, ते पंधरा दिवसांत कळते.

मिरजेच्या भगिनींनी तर पुस्तकातली उदाहरणे झाली की यजमानांकडून दुकानाच्या मागच्या एका महिन्याच्या पावत्या आणि बँकेचा उतारा मागून घ्यावा. खिळे, कड्या, रंगाचे डबे, उधारी, सगळे रोजकीर्दीत लिहावे, खतावणी करावी आणि तेरीज जुळते का पाहावे. पहिल्या खेपेला जुळणार नाही. चुकलेला रुपया सापडेपर्यंत शोधत बसावे. ते झाले की सहकार खात्याच्या परीक्षेचे माहितीपत्रक मिळवावे, पुस्तके घ्यावीत, आणि टॅलीसाठी गावातच एखादा अल्प मुदतीचा क्लास पाहावा, जिथे जाऊन आधी एक तास बसू देतात असा. अठ्ठावीस हजारांची गरज मला कुठे दिसत नाही. पुस्तके, परीक्षेची फी आणि क्लास यांची बेरीज तीस हजारांतून वजा केल्यावर सासूबाईंच्या वेढण्याला काय उरते, हा पहिला हिशेब त्यांनी स्वतःच मांडावा आणि मला आकडा कळवावा.