सावळ्या त्वचेवर ॲलर्जी 'लाल' दिसत नाही, मग ती ओळखायची कशी?

भोसरी, पिंपरी, चाकणच्या कंपन्यांमध्ये अनेकांचे हात शिफ्टभर कूलंट, ग्रीस आणि रबरी हातमोज्यांत असतात. आधी खाज सुटते, मग कातडी जाड होते आणि काळी पडते. लाल चट्टा दिसत नाही म्हणून ॲलर्जीची शंका येत नाही. नायटा समजून मेडिकलमधून मलम आणलं जातं आणि खरं कारण तसंच राहतं.

लाली जाते कुठे?

ॲलर्जीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गोऱ्या त्वचेवर ते लाल दिसतं. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे तीच लाली जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते. पुरळ बरी झाल्यावरही काळा डाग कित्येक महिने राहू शकतो.

वैद्यकीय पुस्तकांतले फोटो मात्र बहुतांशी गोऱ्या त्वचेचेच राहिले. ही उणीव भरण्यासाठी लंडनमधला वैद्यकीय विद्यार्थी मलोन मुक्वेंडे यानं सहकाऱ्यांसोबत २०२० मध्ये 'माइंड द गॅप' ही पुस्तिका तयार केली.

कूलंट की गाजर गवत?

कारण दरवेळी कंपनीतच असतं असं नाही. १९५०च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं गाजर गवत आज रिकाम्या प्लॉटवर आणि रस्त्याकडेला सगळीकडे दिसतं. त्याचे सूक्ष्म कण हवेतून येतात, म्हणून त्रास बहुधा चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यात होतो. कूलंटचा त्रास मुख्यतः हातांवर आणि मनगटापासून कोपरापर्यंत दिसतो. रंगाने फसवलं, तरी जागा बरंच सांगून जाते.

पॅच टेस्ट म्हणजे काय?

खात्री करण्यासाठी संशयित पदार्थ पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवतात. पट्टी काढल्यावर एकदा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या संचात निकेल, क्रोमेट, इपॉक्सी, रबरातली रसायनं आणि गाजर गवतही असतं. सावळ्या पाठीवर नुसतं बघून भागत नाही. बाजूनं प्रकाश टाकून आणि बोट फिरवून उंचवटा तपासावा लागतो.

अडचण वेळेची आहे. पट्टी असताना पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही आणि दवाखान्यात तीन फेऱ्या मारायच्या. कंत्राटी कामगारासाठी याचा अर्थ खाडे आणि बुडालेला पगार. त्यातच पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावलेलं असेल, तर ॲलर्जी असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.

निदान कागदावर का हवं?

रसायनं आणि रंगांच्या संपर्कानं होणारा त्वचादाह १९४८च्या कारखाने कायद्यातल्या नोंदवायच्या आजारांच्या यादीत होता. २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. पण चिठ्ठीवर फक्त 'खाज' किंवा 'नायटा' लिहिलं, तर कामाशी असलेला संबंध नोंदला जात नाही. माणूस पुन्हा त्याच मशीनवर उभा राहतो. एकदा जडलेली ॲलर्जी सहसा जात नाही, त्या पदार्थापासून दूर राहणं हाच मुख्य उपाय असतो.

डॉक्टरांकडे जाताना

- मलम लावण्याआधी, दिवसाच्या उजेडात फोटो काढा.
- त्रास कधी सुरू झाला आणि सुट्टीत कमी होतो का, हे सांगा.
- हाताळता त्या रसायनांची नावं किंवा कंपनीतली सेफ्टी डेटा शीट सोबत न्या. कूलंटमधली सगळी रसायनं नेहमीच्या टेस्टमध्ये नसतात.
- 'लाल झालं नाही' एवढ्यावर थांबू नका. पूर्वी कातडी कशी होती आणि आता रंग, जाडी, खाज यांत काय बदललं, ते सांगा.