खर्चाचा बोजा कोणाच्या माथी?

18 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या प्रदीर्घ लढ्याला यश आले, याचा आनंद रास्तच आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतील वा इचलकरंजीच्या यंत्रमागावरील कामगाराला आता मालकाच्या रिट अर्जामागे मुंबईची वारी करावी लागणार नाही. पण अंतर तुटले म्हणून विषमता तुटत नाही. वकिलाची फी मालकाच्या वहीत धंद्याचा खर्च म्हणून वजा पडते; कामगाराला ती लेकरांच्या तोंडचा घास काढून भरावी लागते. कामावरून काढलेल्या माणसाशी मालक कायद्याने कमी आणि तारखांनी अधिक लढतो.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात या डावपेचावर उतारा होता. खर्च कोणी, कोणाला आणि किती द्यावा, हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार कलम 11(7) ने कामगार न्यायालयांना दिला होता. तो खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूलही करता येई. तरीही कामगार जिंकला तरी ‘खर्चाबाबत आदेश नाही’ हे वाक्य निवाड्याच्या शेवटी असायचेच, असा चळवळीचा अनुभव. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. न्यायाधिकरणांची रचना बदलली; प्रश्न तोच राहिला.

हरेल त्याने खर्च द्यावा, नियम दोघांना सारखा हवा, असे मालकवर्गाचे कैवारी म्हणतील. बेकायदा बडतर्फीत अपराधी मालक असतो आणि सोसणारा कामगार, हे सर्वोच्च न्यायालयानेच 2013 साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात बजावले आहे. मग समता कसली? ब्रिटनमध्ये 2013 साली कामगार न्यायाधिकरणांत दाव्यांवर फी बसवताच दाव्यांची संख्या सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. 2017 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली. पैशाच्या धाकाने अन्याय कमी होत नाही, फिर्याद कमी होते.

शिवाय खरा प्रतिवादी पुष्कळदा कागदावर नसतोच. पुढे कंत्राटदार, मागे मूळ मालक! कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते मूळ मालकाने द्यावे, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले होते. मग पडद्याआडून जो दावा लांबवतो, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन खर्चही त्याच्याच माथी का मारू नये? मात्र हेच शस्त्र कामगाराच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या युनियनवर उलटता कामा नये. नफ्यासाठी दावा लढविणारा आणि न्यायासाठी वर्गणी काढणारा यांना एका मापाने मोजणे म्हणजे संघटनेचा गळा आवळणे होय.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: कामगार जिंकल्यास त्याला प्रत्यक्ष झालेला संपूर्ण खर्च मिळावा, हरल्यास, उघड लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, त्याच्यावर खर्च बसू नये. कोल्हापुरात न्यायालय आले. आता न्याय कामगाराला परवडला पाहिजे.