आधी कान, मग ड्रायव्हर

लाख-दीड लाख रुपये किमतीच्या दोन इन-इअर मॉनिटरांची तुलना करायला बसलेला समीक्षक आपला कागद एका ठरावीक पद्धतीने आखतो. आधी खोके आणि केबल, मग बास, मिड्स, ट्रेबल, वाद्यांमधली अंतरे, बारकावे. आणि हे सगळे आटोपल्यावर शेवटी दोन ओळी 'कम्फर्ट'ला. तिथला मजकूरही ठरलेला असतो: मला त्रास झाला नाही, तुमचे कान वेगळे असू शकतात. आवाज हा वस्तूचा गुण आणि आराम हा ज्याचा त्याचा मामला, अशी ही वाटणी आहे. तिच्या आधारानेच दुसरी एक समजूत पोसली जाते. किंमत आणि आवाज निर्माण करणाऱ्या ड्रायव्हरांची संख्या वाढली की आवाजाचा दर्जा चढत जातो, आणि तो दर्जा हवा असेल तर कानाला थोडी टोचणी सोसावी लागणारच. माझा आक्षेप या वाटणीलाच आहे. कानाच्या नळीत घालायच्या उपकरणात बसवणूक हा आवाजाचाच एक घटक असतो. ती न सांगता केलेले आवाजाचे वर्णन कितीही रसाळ असले तरी ते लिहिणाऱ्याच्या कानाचे वर्णन असते, मॉनिटरचे नव्हे.

याचे कारण शरीररचनेत आहे. प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब आणि ७-८ मिलिमीटर रुंद असते. ती सरळ नसते, तिला दोन वळणे असतात. बाहेरचा सुमारे एक-तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. आणि हाडावरची कातडी इतकी पातळ की तिथे नुसता स्पर्शही झोंबतो. उघड्या कानात ही नळी ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःहून वाढवते, आणि जन्मापासून आपण सगळे जग या वाढीसकटच ऐकत आलेलो असतो. इअरफोनने नळीचे तोंड बंद झाले की हा अनुनाद मोडतो. निर्माता ३ हजार हर्ट्झजवळची ती वाढ ट्यूनिंगमध्ये परत भरून देतो, पण त्याच्या हाताबाहेरची एक गोष्ट उरते: कानात जाणाऱ्या मऊ टिपेचे टोक आणि कानाचा पडदा यांच्यातले अंतर. त्या उरलेल्या पोकळीचा स्वतःचा नवा अनुनाद तयार होतो. अंतर २० मिलिमीटर असेल तर तो साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास पडतो, १५ मिलिमीटर असेल तर अकरा हजारांच्या वर जातो. 'स' आणि 'श'चा फुत्कार, टाळांच्या आवाजाची धार हे सगळे याच प्रदेशात असते. म्हणजे टिपेचा आकार बदलला, टिप जिच्यावर चढते ती नळी, म्हणजे नॉझल, जाड असल्यामुळे मॉनिटर पुरता आत गेला नाही, एवढ्यावरून गाणाऱ्याचा प्रत्येक 'स' बोचरा होऊ शकतो किंवा गुळगुळीत. बासचे गणित निराळे आहे. बंद नळीत उरलेली हवा जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर असते, म्हणून ड्रायव्हरचा ७ मिलिमीटरचा इवलासा पडदाही तिथे दणदणीत बास देतो. पण हे सगळे नळी हवाबंद असेपर्यंतच. बारीकशी फट राहिली की सर्वात आधी खालचे स्वर गळतात, आणि ऐकणारा लिहून मोकळा होतो की या मॉनिटरला बासच नाही.

आपल्या संगीतावर हे ताडून पाहण्याजोगे आहे, कारण चाचणीला घेतलेले गाणेच दोष लपवू शकते. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंप पावते. पण जवारीमुळे त्या तारेची शक्ती मूळ स्वरात न साठता वरच्या स्वयंभू स्वरांच्या लांबलचक मालिकेत पसरते. घोडीच्या या करामतीचा शास्त्रीय विचार चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात केला होता. मूळ कंप्रता जवळपास नसली तरी वरच्या मालिकेवरून कान खर्ज ओळखतोच. त्यामुळे सील फुटलेल्या मॉनिटरमधूनही तानपुरा भरलेला वाटतो, आणि परीक्षा घेणारा फसतो. तबल्याच्या डग्ग्याचे तसे नाही. त्याचा घुमारा खालच्याच पट्ट्यात असतो. फट असली की घिस्सा पोकळ होतो आणि बोल तेवढे टकटकीत राहतात. उलट मॉनिटर उथळ बसला असेल तर ते आधी तानपुरा सांगतो, कारण जवारीचे वरचे स्वर नेमके त्या नव्या अनुनादाच्या तडाख्यात सापडतात आणि नादाला काचेचा खरखरीतपणा येतो. ख्यालाचे एकच ध्वनिमुद्रण दोन वेगळ्या दोषांची साक्ष देते, आणि दोन्ही दोष ड्रायव्हरचे नसून बसवणुकीचे. पाश्चात्त्य पॉपच्या ठरलेल्या दहा गाण्यांवर चाचणी उरकणाऱ्या आपल्याकडच्या समीक्षकांना ही सोय का सुचू नये, हे कोडेच आहे.

आता किमतीचा मुद्दा. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत कानावरचे होते तसे कानात घालायचेही होते. वारंवारता-प्रतिसाद आणि किरकोळ विक्रीची किंमत यांच्यात त्यांना कोणताही संबंध आढळला नाही, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी तसे स्पष्ट म्हटले. ड्रायव्हरांच्या संख्येचीही गत हीच. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे. सिक्स्टीफोर ऑडिओच्या यू१२टीमध्ये बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे बारा ड्रायव्हर आहेत, तर सोनीच्या आयईआर-झेड१आरमध्ये दोन जातींचे मिळून तीन. तिघांच्याही किमती हजार डॉलरांच्या बऱ्याच वर, आणि तिघांचेही चाहते आपापल्या जागी ठाम. दुसऱ्या टोकाला २०२२ साली सेव्हन-हर्ट्झचा सालनोट्स झिरो २० डॉलरांत आला आणि त्याचे ट्यूनिंग अनेक महागड्या मॉनिटरांना खाली पाहायला लावणारे निघाले. संख्या हा गुणाचा पुरावा असता तर हे घडले नसते.

यावर येणारे उत्तर ठरलेले आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वारंवारता-प्रतिसादाच्या आलेखात सगळे येत नाही, असे म्हणतात. बारकावे, वाद्यांचे वेगळेपण, आवाजाची खोली महागड्या मॉनिटरमध्येच उमगते. यातले सत्य आधी मान्य करू. अनुभव खरा असतो, हे लोक खोटे बोलत नाहीत. प्रश्न त्या अनुभवाच्या कारणाचा आहे. इतक्या लहान बंद पोकळीत काम करणाऱ्या उपकरणात, विकृती कमी असेल तर कानाच्या पडद्यापाशी पोहोचणाऱ्या वारंवारता-प्रतिसादावरूनच बहुतांशी बाकीचे वर्तन ठरते. मग 'बारकावे' येतात कुठून? मुख्यतः ५ हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातून, जिथे थोडीशी वाढही श्वास, बोटांचे घर्षण, तारेवरची नखी पुढे आणते. हाच पट्टा प्रत्येक कानात वेगळा असतो, आणि प्रयोगशाळेतला कृत्रिम कान इथेच सर्वात कमी विश्वासार्ह असतो. तेव्हा आलेख अपुरा आहे हे मान्य. पण तो जिथे अपुरा पडतो तिथे तुमच्या नळीची लांबी आणि टिपेची खोली उभी असते, किमतीची चिठ्ठी नव्हे. आलेखाच्या मर्यादेचा फायदा महागड्या मॉनिटरला आपोआप मिळतो हे गृहीतक कुठून आले, ते कोणी सांगत नाही.

याहून वजनदार आक्षेप संशोधनाच्या बाजूने येतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन-इअर उपकरणांच्या पसंतीचा अभ्यास केला, तेव्हा अनेक मॉडेलांचा प्रतिसाद एकाच इअरफोनवर उतरवून श्रोत्यांना ऐकवला. आराम, वजन, आकार, नाव सगळे बाजूला सारले, आणि उरलेल्या निव्वळ आवाजावरची पसंती बरीचशी एकसारखी निघाली. मग आवाज आणि आराम वेगळे करता येतात हे सिद्धच झाले की! झाले, पण कशाच्या बळावर? बसवणूक सर्वांसाठी एकच ठेवली म्हणून. संशोधकांनी ती स्थिर ठेवली, कारण मोकळी सोडली असती तर तिने निकाल नासवला असता. जो घटक गोठवल्याशिवाय प्रयोगच उभा राहत नाही, त्याला किरकोळ कसे म्हणावे? शिवाय घरी ऐकणाऱ्याला अशी आंधळी चाचणी जवळपास अशक्यच आहे, कारण कानाच्या कातडीला धातूचे वजन आणि नॉझलची जाडी लगेच कळते. डोळे बांधता येतात, कान कसा बांधणार?

आरामाला गौण मानणाऱ्यांचे सर्वात आवडते उदाहरण म्हणजे एटिमोटिकचा ईआर-४. मीड किलियन यांच्या कंपनीने तो १९९१ साली आणला. श्रवणयंत्रांच्या दुनियेतून आलेला एकच बॅलन्स्ड आर्मेचर, आणि तीन पाळ्यांची, झाडासारखी टिप जी हाडाच्या भागापर्यंत आत जाते. अनेकांना ती सहन होत नाही, तरी अचूकतेबद्दल तो आजही वाखाणला जातो. म्हणून सोसा आणि ऐका, असा निष्कर्ष काढतात. मला या उदाहरणातून उलटच दिसते. ईआर-४चा आवाज त्या खोलीशी बांधलेला आहे. खोल बसला की बाहेरचा गोंगाट मोठ्या प्रमाणात थांबतो, पडद्याजवळची पोकळी लहान होते, आणि स्वतःचे चालणे, चावणे, गुणगुणणे डोक्यात घुमते तेही कमी होते, कारण तो घुमारा मुख्यतः कूर्चेच्या भागाच्या कंपनातून येतो. पण ज्याला दुखते तो नकळत मॉनिटर मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर ओढतो, आणि ऐकतो ते बासविना किरकिरणारे भलतेच काही. ईआर-४ वाईट वाटला असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांनी ईआर-४ ऐकलेलाच नसतो.

आराम व्यक्तिसापेक्ष आहे, त्याचे काय मोजणार, हा शेवटचा बुरूजही फारसा भक्कम नाही. नॉझलचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगता येतो. शुअर आणि एटिमोटिक यांची नॉझले बारीक असतात, तर दोन जातींचे ड्रायव्हर असलेल्या मोठ्या हायब्रिड मॉनिटरांची पुष्कळदा ६ मिलिमीटरच्या आसपास, आणि ज्याची नळीच अरुंद त्याला हा आकडा कुठल्याही स्तुतीपेक्षा उपयोगाचा. वजन सांगता येते, शेल पाळीच्या खळग्यात मावतो की बाहेर लोंबतो हे छायाचित्रात दाखवता येते. आयईआर-झेड१आरचा डोलारा लहान कानाला का झेपत नाही ते एका चित्रात कळेल. टिप कोणती, कोणत्या साइझची, किती आत गेली, तासाभराने मॉनिटर जागचा हलला का, हेही लिहिता येते. फोमची टिप ट्रेबलचा थोडा भाग शोषते. रुंद तोंडाची आणि अरुंद तोंडाची सिलिकॉन टिप एकाच मॉनिटरचा स्वभाव बदलतात. आणि आरामाची तजवीज आवाजाला कशी हात घालते याचा चोख पुरावा सिक्स्टीफोर ऑडिओनेच बाजारात ठेवला आहे. बंद नळीतला हवेचा दाब कानाला जाचू नये म्हणून त्यांच्या मॉनिटरांत एपेक्स नावाची बदलती मॉड्यूले असतात. एम२० बाहेरचा आवाज सुमारे २० डेसिबलने अडवते, एम१५ सुमारे १५ डेसिबलने. आणि जास्त मोकळे एम१५ लावले की खोल बासही उतरतो. दाबाचा त्रास कमी करायला हात लावला तो थेट बासला लागला. या मॉनिटरपुरते तरी आराम आणि आवाज एकाच पेचाने फिरतात, आणि ते सांगणारा खुद्द निर्माता आहे.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट धावत्या शब्दांत. जो मॉनिटर नीट बसतो तो बाहेरचा गोंगाट अडवतो, म्हणून लोकलच्या डब्यातही आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला ती ५ तासांवर येते. सैल टिपेमुळे वाढवलेले नऊ डेसिबल कोणत्याही बारकाव्यापेक्षा महागात पडतात.

मग महागडे मॉनिटर घेऊच नयेत का? असे माझे म्हणणे नाही. डाव्या-उजव्या बाजूची काटेकोर जुळणी, बदलता येणारी केबल, दुरुस्तीची सोय, टिकाऊ शेल यांना पैसे पडतात आणि ते रास्त आहेत. मंचावरच्या कलावंताला तर हे सगळे लागतेच. या धंद्याची सुरुवातही मंचावरच झाली. व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी १९९५ साली कानाच्या मापाचे मॉनिटर घडवले, आणि त्यातून अल्टिमेट इअर्स उभी राहिली. तिथे आधी कानाचा साचा होता, ड्रायव्हरांची शर्यत नंतरची. म्हणून कोणी म्हणेल, मापाचे करून घ्या, वादच मिटला. साच्याने सील सुधारते हे खरे, पण कान स्थिर नसतो. तोंड उघडले की जबड्याच्या सांध्याबरोबर नळीचा आकार बदलतो. म्हणून गायकांचा साचा तोंड उघडे ठेवून, दातांत ठोकळा धरून घेतात. तोंड मिटून घेतलेल्या साच्याचा मॉनिटर तार सप्तकात गळती देऊ शकतो. आणि तुलनेच्या दृष्टीने मापाच्या मॉनिटरची अडचण याहून मूलभूत आहे. तो एकाच कानासाठी बनतो, पैसे भरल्यावर बनतो, आणि दुसऱ्या कानात बसत नाही. म्हणजे बाजारात सर्वात वरच्या पायरीवर जे विकले जाते, त्याविषयीचे दुसऱ्या कोणाचेही मत, अगदी त्याच मॉडेलचे असले तरी, वेगळ्या शेलविषयीचे मत असते. आणि दुकानात ऐकवला जाणारा त्याच मॉडेलचा सर्वांसाठीचा नमुना टिपेवर बसतो, साच्यावर नव्हे.